शिट्टी कुकरची, शिट्टी इंजिनाची

मैत्रिणींनो, आज एका वाचक भगिनीचं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. यजमानांनी परदेशातून येताना खऱ्या वाफेवर चालणारं छोटं इंजिन आणलं. आता दर रविवारी बापलेक गॅलरीत ते लावून बसतात. आग, वाफ आणि फरशीवर तेलाचे डाग! 'जिवाला घोर लागतो. हे खूळ बंद कसं करू?' असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे : 'मुलीलाही बघायचं असतं, पण तिला मीच जवळ जाऊ देत नाही.'

माझं उत्तर सरळ आहे. खूळ बंद करू नका, त्याचा कारभार हाती घ्या. आणि मुलीला पुढे बसवा.

तुम्ही म्हणाल, आपल्याला यंत्रातलं काय कळतंय? अहो, जी बाई रोज सकाळी कुकर लावते, तिला वाफेचं पहिलं पुस्तक तोंडपाठ असतं! कुकरात वाफ कोंडली की दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दुप्पट होतो, पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. खेळण्यातल्या इंजिनाच्या बॉयलरमधला दाबही साधारण त्याच पंगतीतला. गंमत म्हणजे या दोघांचा मूळपुरुषही एकच. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली हाडं मऊ शिजवण्यासाठी घट्ट झाकणाचं भांडं तयार केलं. ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडपही बसवली. त्याच पापिनने पुढे १६९० मध्ये वाफेने दट्ट्या हलवायची कल्पना मांडली. म्हणजे आधी स्वयंपाक आणि मागून इंजिन!

आमच्याकडेही असं एक इंजिन आहे, धाकट्या दिरांनी जर्मनीहून आणलेलं. जर्मनीतली विलेस्को कंपनी १९५० पासून अशी इंजिनं करते आहे. इंग्लंडातली मामोद त्याही आधीची, १९३४ ची. रचना अगदी साधी. पितळी बॉयलर, त्याखाली बर्नर, एक बारीक नळी, सिलिंडर आणि चाक. एक वाटी पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ सोळाशे वाट्यांची जागा मागते. ती जागा मिळवण्यासाठी ती दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरतं. साध्या इंजिनात सिलिंडरच पाळण्यासारखा झुलतो. एकीकडे झुलला की वाफ आत शिरायचं भोक समोर येतं, दुसरीकडे झुलला की बाहेर जायचं. बस, एवढंच!

आता धाक कशाचा ठेवायचा, ते सांगते. हे नियम कागदावर लिहून गॅलरीच्या दारामागे चिकटवा.

पाणी : नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. किटलीच्या तळाला जसा क्षाराचा पांढरा थर बसतो, तसाच बॉयलरमध्ये बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरा, नाहीतर स्वच्छ धरून गाळलेलं पावसाचं पाणी. बॉयलर काठोकाठ भरू नका, वाफेला वर जागा हवी. पाणी आधी कोमट करून घातलं तर इंधन वाचतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी संपण्याआधी आग संपली पाहिजे. कोरड्या बॉयलरखाली ज्योत राहिली तर सांध्याचं डाक वितळतं आणि खेळणं कायमचं बाद होतं. म्हणून इंधन मोजूनच घ्यायचं, आणि बॉयलरला पाण्याची काच असेल तर नजर तिच्यावर ठेवायची.

झडप : कुकरचा सेफ्टी वॉल्व तशी इंजिनाची झडप. प्रत्येक वेळी इंजिन थंड असतानाच तिची स्प्रिंग हलते ना, ते बोटाने बघा. 'जरा जास्त जोर येऊ दे' म्हणून कुणी ती आवळायला निघालं, तर खेळ तिथेच थांबवा. आणि गरम बॉयलरची झडप किंवा झाकण कधीच उघडायचं नाही. वाफ असताना आपण कुकरचं झाकण ओढतो का?

आग : काही इंजिनांना स्पिरिट लागतं, तर काहींना पांढऱ्या वड्या. स्पिरिटची ज्योत उन्हात डोळ्यांना दिसतच नाही. 'विझलं वाटतं' म्हणून पेटत्या बर्नरमध्ये स्पिरिट ओतणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. काडी ओढण्यापूर्वी बाटली बुचासकट कपाटात गेली पाहिजे. वड्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा उघड्या गॅलरीतच बसा आणि नंतर हात साबणाने धुवा. इंजिन स्टीलच्या परातीत ठेवा. पडदे बांधून घ्या. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली. जवळ एक ओलं जाड फडकं असू द्या. आणि इंजिन चालू असताना मोठ्या माणसाने उठायचं नाही, फोन वाजला तरी.

तेल : शिवणयंत्राचं तेल इथे चालत नाही, वाफेपुढे ते टिकत नाही. वाफेच्या इंजिनाचं वेगळं दाट तेल मिळतं. सुरुवातीला सिलिंडर थंड असतो, त्यामुळे आत आलेल्या वाफेचं पाणी होतं आणि इंजिन गरम तेलकट थेंब उडवतं. चाकाला हाताने दोन-चार फेरे द्या, मग ते सुरळीत चालतं. तोपर्यंत तोंडं लांब ठेवा. तुमच्या फरशीवरचे डाग याचेच. परात असली की प्रश्न मिटला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या घरांत अशी पितळी आगगाडीची इंजिनं जमिनीवर सोडत. ती मागे पाण्याची रेघ ओढत जात, म्हणून त्यांना चक्क 'लाळगळू' अशा अर्थाचं नाव पडलं होतं. तेव्हा तुमची तक्रार दीडशे वर्षांची जुनी आहे!

खेळ संपला की इंजिन पूर्ण निवू द्या, उरलेलं पाणी काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच खोक्यात ठेवा. हे काम ज्यांनी खेळ मांडला त्यांचं. तुमचं नव्हे.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी. मुलीला का दूर ठेवायचं? भाजेल म्हणून? मग त्याच मुलीला आपण बाराव्या-तेराव्या वर्षी गॅसपाशी चहा टाकायला पाठवतो, तेव्हा ती भाजत नाही का? उकळत्या आधणातली वाफ मुलींची आणि चाक फिरवणारी वाफ मुलांची, ही वाटणी कोणी केली? मी शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रयोगाच्या तासाला मुलगे साहित्य हाताळतात आणि मुली वहीत सुबक आकृती काढतात, हे पाहते. त्याची सुरुवात घरातूनच होते, बायांनो, आणि पुष्कळदा आपल्याच हातून होते.

लहान इंजिनाला कमी लेखू नका. ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकमेनच्या इंजिनाची एक लहानशी प्रतिकृती होती. १७६३-६४ च्या सुमारास ती जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आली. ती चार-दोन ठोके टाकून थांबायची, वाफ पुरायचीच नाही. सिलिंडर दर ठोक्याला थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा, त्यातच सगळी वाफ वाया जाते, हे वॉटच्या ध्यानात आलं. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला : वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं. त्यातून पुढे केवढा पसारा उभा राहिला! तुमच्या परातीतलं इंजिन सुरुवातीला थेंब का उडवतं, याचं उत्तर त्याच गोष्टीत आहे. मुलीला ते आधी सांगू नका, विचारा. ती शोधून काढेल.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या नेहमीच्या गाड्या १९९५ साली थांबल्या. आजच्या मुलांना आगगाडीतली 'आग' कुठे असते, ते ठाऊकच नाही. घरात ती बघायला मिळत असेल तर दोघांनाही मिळू द्या.

येत्या रविवारी कामं वाटून टाका. पाणी मोजणं आणि झडप तपासणं मुलीकडे, तेल आणि परात मुलाकडे, काडी वडिलांकडे. आणि 'हं, पेटवा' म्हणायचा अधिकार तुमच्याकडे. तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू, तुम्ही म्हणाल तेव्हा बंद. वाफेवर हुकूम चालवायची सवय तर आपल्याला आहेच!