आधी माल पाहा, मग डबा घ्या

कापडाच्या धंद्यात एक जुना नियम आहे. गठडीवरचा शिक्का पाहून सौदा करू नये. गठडी उघडावी, तागा उलगडावा, कापड बोटांत धरून पोत पाहावे, पन्हा मोजावा आणि मगच भाव बोलावा. हा नियम आमचे व्यापारी बंधू पेढीवर कधी विसरत नाहीत. परंतु टीव्हीला जोडण्याचा मीडिया प्लेअर घेण्याची वेळ आली की हीच मंडळी खोक्यावरचा '४के' हा शिक्का पाहून पैसे मोजतात आणि घरी आल्यावर कपाळाला हात लावतात. आम्हीही लावलेला आहे. म्हणूनच हा विषय या पानावर घेत आहोत.

कोणी म्हणेल, आता सर्व काही इंटरनेटवर मिळते, मग प्लेअरची गरज काय? सिनेमापुरते हे म्हणणे ठीक आहे. पण आपल्या घरातील निकाह, वलीमा, दुकानाचे उद्घाटन, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा निरोप, हे कोणती कंपनी दाखविणार आहे? ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत आपल्या गावोगावी हे सारे व्हिडिओ कॅसेटवर टिपले गेले. मालेगावात नासिर शेख यांनी गावातील मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' बनविला, तोही व्हिडिओ कॅमेऱ्यावरच. आपल्या शहरांचा एक सबंध काळ त्या काळ्या फितीवर आहे. पुढे व्हीसीडी आली, मग डीव्हीडी आली. आज व्हीसीआर मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले आणि तो विषय संपला. फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत खराब होतो. सबब अनेक घरांनी कॅसेट आणि सीडी स्टुडिओत नेऊन त्यांच्या फायली करून घेतल्या. त्या फायली आता हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्या मोबाईलच्या बोटभर पडद्यावर नव्हे, तर घरच्या सर्वांना बैठकीत एकत्र पाहता याव्यात, यासाठी प्लेअर लागतो.

आमचेच उदाहरण सांगतो. घरातील कॅसेट, सीडी आणि डीव्हीडी मिळून अठ्ठावीस नग होते. त्यांच्या फायली झाल्यावर आम्ही बाजारात गेलो. दुकानातील मुलगा म्हणाला, "चाचा, यात सगळं चालतं, ४के आहे." आम्ही सोळाशे रुपये दिले आणि डबा घरी आणला. मोठ्या भावाच्या निकाहची डीव्हीडी आमच्या मरहूम वालिदांच्या हयातीतली. तिच्यात ते मंडपाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना आत बोलावतात, दहा-बारा सेकंद. तेवढाच त्यांचा आवाज आमच्याकडे आहे. फाईल लावली. चित्र आले. वालिदांचे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. अम्मा समोर बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "आवाज नाही का?" दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेलो, तर माल परत घेत नाही असे उत्तर मिळाले.

दोष कोठे होता हे नंतर समजले. फाईल चांगली होती. डीव्हीडीवरील आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने भरलेला असतो. तो उलगडण्याची सोय त्या डब्याच्या मूळ प्लेअरमध्ये नव्हती. म्हणजे आम्ही माल न पाहता डबा घेतला. चूक दुकानदाराची निम्मी, आमचीही निम्मी.

तेव्हा मुख्य गोष्ट समजून घेऊ. फाईलच्या नावापुढे एव्हीआय, एमपी-४ किंवा एमकेव्ही असे जे लिहिलेले असते, ती केवळ गठडी होय. आतले कापड वेगळे असते, त्याला कोडेक म्हणतात. एकाच एमकेव्ही गठडीत एमपीईजी-२ हे जाडेभरडे कापड असू शकते, एच.२६४ असू शकते किंवा नवे एचईव्हीसी असू शकते. चित्राचे कापड एक, आवाजाचे दुसरे. डब्यावर 'एमकेव्ही चालते' असे छापलेले असते, ते गठडीविषयी असते. आतले कापड चालेल की नाही, याची हमी त्यात नाही. चित्र आहे पण आवाज नाही, किंवा आवाज आहे पण पडदा काळा, या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

आता आपल्या घरात कोणता माल असतो ते पाहू. व्हीसीडी १९९३ ची. तिच्यातील चित्र एमपीईजी-१ चे, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, आणि फाईलच्या नावापुढे डीएटी असते. डीव्हीडीचे चित्र एमपीईजी-२ चे, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, आणि फाईल व्हीओबी. त्यानंतरच्या काळात डिव्हएक्स आणि एक्सव्हिड यांच्या एव्हीआय फायली आल्या. अलीकडे स्टुडिओवाले बहुधा एच.२६४ मध्ये एमपी-४ करून देतात. हे कोडेक २००३ चे आहे आणि आज जवळजवळ प्रत्येक यंत्र ते ओळखते. एचईव्हीसी २०१३ चे. ते जागा कमी घेते, पण जुन्या यंत्रांना उमगत नाही. आपल्या फायलींत काय आहे हे पाहण्यासाठी 'मीडियाइन्फो' नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर घालावा. फाईल त्यात उघडली की गठडी कोणती, चित्र कोणते, आवाज कोणता, हे ओळीने दिसते. घरातील मुलांना सांगितले तर अर्ध्या तासात यादी तयार होते. ही यादी हातात आल्याशिवाय बाजारात पाऊल टाकू नये.

'४के' विषयी दोन शब्द. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडवा बारकावा जेमतेम २४० ओळींचा असतो. मांजरपाटाला इस्त्री केली म्हणून ती मलमल होत नाही. घरच्या जुन्या फायलींसाठी ४के चे जास्त पैसे मोजणे म्हणजे रिकाम्या पन्ह्याचे दाम देणे होय.

मग घ्यावे काय? आमचे मत असे.

प्रथम आपल्या टीव्हीची यूएसबीची जागा तपासावी. यादीतील सर्व प्रकार तेथेच चालत असतील तर एक रुपयाही खर्चू नये. यूएसबी असलेला जुना डीव्हीडी प्लेअर घरात असेल, तर तो डिव्हएक्सच्या एव्हीआय फायली बहुधा चालवितो, पण एच.२६४ पुढे हात टेकतो. हे दोन्ही कमी पडले तर गुगलची अधिकृत मान्यता असलेला, नावाजलेल्या कंपनीचा अँड्रॉइड टीव्ही डबा घ्यावा. मात्र त्याला यूएसबीची जागा आहे ना, हे आधी पाहावे, कारण काही डब्यांना ती नसतेच. त्यावर 'व्हीएलसी' हा मोफत प्रोग्राम घालावा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे काम २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. वर सांगितलेले बहुतेक सर्व कापड, एसी-३ आवाजासह, ते स्वतः उलगडते. आमच्या वालिदांचा आवाज शेवटी त्याच्याच मदतीने, दुसऱ्या डब्यावर ऐकू आला.

दुकानात जाताना एका पेन ड्राइव्हमध्ये प्रत्येक प्रकारची एकेक फाईल न्यावी आणि पुढील गोष्टी तेथेच पाहाव्यात.

पहिली, आवाज. डीव्हीडीची फाईल लावून ऐकावी.

दुसरी, हालचाल. जुन्या व्हिडिओत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे असतात, एकात सम ओळी तर दुसऱ्यात विषम. प्लेअरने ती नीट जुळविली नाहीत तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ज्यात कोणी चालत किंवा हात हलवीत आहे, असा प्रसंग लावून पाहावा.

तिसरी, आकार. जुने चित्र चारास तीन या प्रमाणातले, नवा टीव्ही सोळास नऊचा. चित्र ताणले गेले तर नवरदेव जाडजूड दिसतो. आकार बदलण्याची सोय रिमोटवर हवी.

चौथी, लिपी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या फायलींची नावे उर्दूत आहेत. पहिल्या डब्यावर त्या जागी चौकोनांची रांग दिसली. काही प्लेअर उर्दूची अक्षरे सुटी करतात किंवा डावीकडून उजवीकडे मांडतात, देवनागरीचीही मोडतोड करतात. नावे आणि उपशीर्षके आपल्या लिपीत वाचता येतात का, हे पाहणे आपला हक्क आहे.

पाचवी, डिस्क. पेन ड्राइव्ह चालला म्हणजे हार्ड डिस्क चालेलच असे नाही. साध्या यूएसबी २ च्या जागेतून ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअर मिळते. ती कमी पडली तर डिस्क टकटक वाजते आणि बंद पडते. शिवाय फॅट-३२ पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची असेल तर डबा ती वाचतो का, हे विचारू नये, लावून पाहावे.

आता स्वस्त डब्यांचा धोका. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला की टीव्हीला जोडण्याच्या अनेक स्वस्त यंत्रांत विकण्यापूर्वीच घातक प्रोग्राम भरलेले आढळले आहेत. असे यंत्र घरच्या वाय-फायवर बसले की परक्याचा माणूस गल्ल्याजवळ बसला असे समजावे. ज्या वाय-फायवर आपण बँकेचे आणि जीएसटीचे काम करतो, त्याच जाळ्यात तो डबा असतो. खरे तर आपल्या डिस्कवरच्या फायली पाहण्यास इंटरनेट लागतच नाही. व्हीएलसी घालून झाले की जोडणी काढून टाकावी. डबा तरीही चालतो की नाही, हीदेखील एक कसोटीच आहे.

याच डब्यांतून 'सर्व चॅनल, सर्व नवे पिक्चर फुकट' असा माल विकला जातो. आपल्या साडीच्या डिझाइनची नक्कल शेजारच्या पेढीवर दिसली तर आपण पंचायत बसवितो. मग दुसऱ्याच्या मेहनतीचा चोरीचा माल आपल्या बैठकीत कसा चालतो? कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचे कुलूप तोडणे हाही गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही येथे जे लिहिले ते आपल्या घरच्या चित्रणाविषयी लिहिले.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्लेअर हे दुकानातले माप आहे, फाईल हा माल आहे. माप मोडले तर नवे येते. वेस्टर्न डिजिटलचा 'डब्ल्यूडी टीव्ही' २००८ मध्ये आला, घरोघरी वाखाणला गेला, आणि आज त्याचे उत्पादन होत नाही. उद्या आपलाही डबा जाईल. म्हणून प्लेअरवर खर्च कमी करावा आणि वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घ्यावी. स्टुडिओने दिलेल्या मूळ फायलींना हात लावू नये. त्यांची एक प्रत एच.२६४ मध्ये करून रोजच्या वापरास ठेवावी. तासाभराच्या अशा चित्रणास १ जीबीच्या आसपास जागा पुरते. दुसरी डिस्क भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावी, एका छपराखाली नको. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क लावून पाहाव्यात, जसा आपण दिवाळीला किंवा मार्चअखेरीस माल मोजतो.

व्यापारी माणूस पाच रुपयांच्या वटावासाठी तासभर घासाघीस करतो, आणि आईवडिलांचा आवाज मात्र एका डिस्कवर, एका कपाटात, नशिबाच्या भरवशावर सोडतो. हा हिशेब बरोबर नाही. या आठवड्यात ती डिस्क कपाटातून काढा, यादी करा, आणि ज्यांच्यासाठी हे सारे करायचे ते वडीलधारे अजून समोर बसलेले आहेत तोवर ते चित्रण त्यांना दाखवा.