आहेस ना गं?



दोन वर्षांपूर्वी आमच्या हापिसात एक बाई आल्या आणि आम्हा बारा जणांच्या तळहातावर त्यांनी एकेक बेदाणा ठेवला. म्हणाल्या, खाऊ नका, आधी नुसता बघा. मग हुंगा. मग जिभेवर ठेवा, पण चावू नका. एका बेदाण्याला पाच मिनिटं! मी सांगलीची, म्हणजे बेदाण्यांच्या बाजारपेठेतली. मूठभर बेदाणे तोंडात कोंबून शाळेत पळालेली. मला हसू आवरेना. मनात म्हटलं, याचे पैसे मिळतात यांना!

या प्रकाराला इथे माइंडफुलनेस म्हणतात, आपण सजगता म्हणू. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, तो बेदाणा त्यातलाच. हे सगळं त्या बाईंनी सांगितलं, मी ऐकलं आणि विसरून गेले.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी हे घडलं. रविवारी सकाळी नऊला मी आईला फोन करते. उन्हाळ्यात तेव्हा सांगलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. फोन स्पीकरवर टाकलेला, समोर लॅपटॉप, त्यात सोमवारच्या मीटिंगचे विरोप. आई बोलत होती, मी अधूनमधून हुंकार देत होते. ती काहीतरी म्हणाली आणि मी म्हटलं, "हो का? छान, छान."

पलीकडे शांतता. मग आई म्हणाली, "आहेस ना गं?"

मला वाटलं लाइन गेली. म्हटलं, "आहे ना. आवाज येतोय ना?"

"आवाज येतोय. तू आहेस का ते विचारतेय."

ती सांगत होती की शुक्रवारी न्हाणीघरात तिचा पाय घसरला. आणि मी म्हटलं होतं, छान छान.

नशिबाने मुका मार होता, आठवडाभरात बरा झाला. पण मंडळी, ते "छान छान" अजून माझ्या कानातून जात नाही. ताण ताण म्हणून आपण जे रडतो ना, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. काम जास्त होतं हे खरंच. पण मी कामावर असताना घरी असायचे, घरी असताना कामावर, आणि फोनवर असताना कुठेच नाही. दमायचे ते याने.

मग ठरवलं की बेदाण्याला हसणं पुरे. पण रोज पाऊण तास मांडी घालून बसणं मला जमणार नव्हतं, जमलंही नाही. ॲप विकत घेतलं, नऊ दिवस वापरलं, पुढे ते "आज तुम्ही शांत बसला नाहीत" असं सांगून माझा ताण वाढवायला लागलं. तेव्हा काढून टाकलं. टिकल्या त्या तीनच सवयी, आणि टिकल्या कारण त्या रोजच्याच कामांना बांधलेल्या आहेत.

पहिली फोनची. 2022 साली वारलेले व्हिएतनामी भिक्षू तिक न्यात हान्ह सांगत, फोन वाजला की ती देवळातली घंटा समजा, लगेच उचलू नका, आधी श्वासाकडे लक्ष द्या. मी दोन रिंग वाजू देते. आईशी बोलताना लॅपटॉप बंद करून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसते. तिथे दुसरं काही करण्यासारखं नसतंच.

दुसरी गाडीची. संध्याकाळी दारात गाडी बंद केल्यावर लगेच उतरायचं नाही. पाच श्वास, आणि बाहेर सोडायचा तो आत घेतल्यापेक्षा लांब. यात जादू काही नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, म्हणून लांब सोडलं की शरीर निवतं. एक मिनिट लागतं. लेक म्हणते, "आई, तू हल्ली दारातून ओरडत येत नाहीस."

तिसरी सकाळच्या चहाची. आलं किसण्यापासून पहिल्या घोटापर्यंत हातात फोन नाही. मन पळतंच. पळालं हे लक्षात आलं की परत चहाकडे यायचं. पळालं म्हणून चुकलं असं नाही, परत येणं हाच तो व्यायाम. 2010 साली 'सायन्स' मासिकात 2250 लोकांची पाहणी आली होती, त्यात लोकांचं मन जवळजवळ 47 टक्के वेळ हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे आपण एकटेच नाही!

आता काही जण म्हणतील, हे पुराव्याने सिद्ध झालंय का? 2014 साली 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांवर थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं काही निघालं नाही. 2022 साली 276 चिंताविकारग्रस्तांवरच्या चाचणीत आठ आठवड्यांचा वर्ग एका नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. पण तो शिक्षकासमोरचा वर्ग आणि घरचा रोजचा सराव होता, माझा चहा नव्हे. तेव्हा कोणीही चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसरा नेहमीचा मुद्दा, "हे तर आपलंच, गोऱ्यांनी पळवलं." मूळ आपल्याकडचं आहे, कबाट-झिन स्वतःही बौद्ध ध्यान आणि योगाचं ऋण मानतात. इगतपुरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं भरताहेत. आणि जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवून क्षणभर थांबणं ही तरी काय वेगळी गोष्ट होती? पण माझे आजोबा पाणी फिरवायचे आणि त्याच दमात स्वयंपाकघराकडे बघून ओरडायचे, "मीठ कुठाय?" आणि आजी कधी शांतपणे जेवली असेल, तर सगळ्यांची पानं उचलल्यावर, गार अन्न. आपलं असणं वेगळं, आपण करणं वेगळं. आणि घरात एकाने सजगपणे घास चावावा म्हणून दुसरीने गरम पोळ्या करत उभं राहायचं असेल, तर ती सजगता नव्हे. (नवरेमंडळींनी दिवे घ्यावेत. आमच्याकडे आता पोळ्या आधी होतात आणि सगळे एकदम बसतात.)

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. आमच्या हापिसातला तो बेदाणा आला तेव्हा निम्मी टीम कमी करून उरलेल्यांवर दुप्पट काम टाकलेलं होतं. ज्याची नोकरी गेली आणि ज्याच्या एच-वन व्हिसाला जास्तीत जास्त साठ दिवस उरले, त्याला "श्वासाकडे लक्ष दे" सांगणं ही थट्टा आहे. श्वास मोजून मुदत वाढत नाही. त्याला वकील हवा, ओळखी हव्यात, आपल्यातल्या कोणीतरी त्याचा रेझ्युमे पुढे सरकवायला हवा. काही ताण सोसायचे नसतात, त्यांच्याबद्दल बोलायचं असतं. मला हे बोलायचं धाडसही, गंमत बघा, त्या एक मिनिटाच्या श्वासामुळेच आलं. पूर्वी मी फक्त चिडायचे. आता आधी नीट बघते की माझ्यावर नक्की काय टाकलंय, मग साहेबाला जाऊन सांगते की यातलं अमुक होणार नाही. दर वेळी तो ऐकतोच असं नाही.

शांत झाले का मी? फारशी नाही. परवाच लेकीवर खेकसले. पण गेल्या महिन्यात आईशी बोलताना जाणवलं की तिला एका वाक्यात दोनदा थांबावं लागतंय. विचारलं, तर म्हणे काही नाही, जिना चढून आले. खोदून विचारलं तेव्हा कळलं की रक्तदाबाच्या गोळ्या संपून चार दिवस झालेत, आणि "तुम्हाला कशाला त्रास" म्हणून बोलली नव्हती. भावाने संध्याकाळी आणून दिल्या. लॅपटॉप उघडा असता तर तो श्वास मला ऐकू आला नसता.

या रविवारी एवढंच करून बघा. घरी फोन लावाल तेव्हा दुसरं काही करू नका. दहा मिनिटांतच मन चुळबुळ करायला लागेल, करू द्या.

चूभूद्याघ्या. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक एडिसनकर

ता.क. बेदाणा खरंच छान लागतो तसा. सांगलीचा असेल तर अधिकच.