पाकिस्तान २००८ : खुर्ची मिळाली, कारभार नाही

पाकिस्तानच्या इतिहासात २००८ या वर्षाची नोंद लोकशाहीच्या पुनरागमनाचे वर्ष अशी होते. ती चुकीची नाही. फेब्रुवारीत निवडणूक झाली, मार्चमध्ये लोकनियुक्त पंतप्रधान आले, ऑगस्टमध्ये लष्करशहा पायउतार झाला आणि सप्टेंबरमध्ये मुलकी राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. लष्कराने यांपैकी कशातही उघड अडथळा आणला नाही. मात्र त्याच वर्षी देशाची तिजोरी रिकामी झाली, राजधानीतील सर्वांत सुरक्षित समजले जाणारे हॉटेल जळाले आणि नोव्हेंबरअखेर कराचीहून समुद्रमार्गे निघालेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. या घटना निरनिराळ्या नव्हत्या. निवडून आलेल्यांच्या हाती पदे आली. पैसा, बंदूक आणि भारतविषयक धोरण या तीन गोष्टी मात्र आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत, याचे निम्मे उत्तर रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात सापडते आणि निम्मे इस्लामाबादच्या राजकारण्यांत.

वर्षाची सुरुवातच शोकाने झाली. २७ डिसेंबर २००७ रोजी रावळपिंडीतील लियाकत बागेतील सभेनंतर बेनझीर भुट्टो यांची हत्या झाली आणि ८ जानेवारीची निवडणूक १८ फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलण्यात आली. निकालाने जनरल परवेझ मुशर्रफ यांच्या पाठीराख्या ‘मुस्लिम लीग (क्यू)’ला तिसऱ्या क्रमांकावर लोटले. भुट्टो यांचा पाकिस्तान पीपल्स पार्टी हा पक्ष पहिला आणि नवाझ शरीफ यांची मुस्लिम लीग दुसरी आली. वायव्य सरहद्द प्रांतात, म्हणजे आजच्या खैबर पख्तुनख्वामध्ये, पाच वर्षे सत्ता भोगलेल्या धार्मिक पक्षांच्या आघाडीला मतदारांनी घरी बसवून अवामी नॅशनल पार्टीला निवडले. तालिबानच्या सावलीत राहणाऱ्या मतदारांचा हा कौल त्या वर्षातील सर्वांत आशादायक घटना म्हणावी लागेल.

लष्करप्रमुख जनरल अश्फाक परवेझ कयानी यांनी निवडणुकीत हस्तक्षेप केला नाही. मुलकी खात्यांत बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना परत बोलावण्याचे आदेशही त्यांनी दिले. परंतु त्यामागे लोकशाहीच्या प्रेमापेक्षा हिशेब अधिक होता. मुशर्रफ यांच्या शेवटच्या वर्षात लष्कराची प्रतिमा मलिन झाली होती. सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांची हकालपट्टी, लाल मशिदीवरील कारवाई आणि नोव्हेंबर २००७ मधील आणीबाणी यांचा रोष लष्कराच्या वाट्याला आला होता. अशा वेळी दर्शनी जागेवरून मागे सरणे हेच लष्कराच्या हिताचे होते. सरले ते दर्शनी जागेवरूनच.

निकालानंतर दोन्ही मोठे पक्ष एकत्र आले. ९ मार्च रोजी मरी येथे आसिफ अली झरदारी आणि शरीफ यांनी जाहीर केले, की सरकार स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत बडतर्फ न्यायाधीशांना पुन्हा पदावर आणले जाईल. २४ मार्च रोजी पंतप्रधानपदी निवड होताच युसूफ रझा गिलानी यांनी स्थानबद्ध न्यायाधीशांच्या सुटकेची घोषणा केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. न्यायाधीश घराबाहेर आले, पण न्यायालयात पोहोचले नाहीत. झरदारींना भीती होती, की चौधरी परतले तर भ्रष्टाचाराचे खटले मागे घेणारा मुशर्रफ यांचा ऑक्टोबर २००७ चा वटहुकूम ते रद्द ठरवतील. शरीफ यांच्यासाठी न्यायाधीशांचा प्रश्न हे तत्त्व होते आणि हुकमाचे पानही. तीस दिवस उलटले, मेमध्ये शरीफ यांचे मंत्री सरकारबाहेर पडले, जूनमध्ये वकिलांचा मोर्चा इस्लामाबादवर धडकला. ऑगस्टमध्ये महाभियोगाच्या धमकीने मुशर्रफ यांनी १८ तारखेला राजीनामा दिला. समान शत्रू जाताच सातव्या दिवशी आघाडी मोडली.

मार्च ते सप्टेंबर हे सहा महिने असे गेले, आणि पाकिस्तानला परवडण्याजोगे नव्हते ते नेमके हेच महिने होते.

मुशर्रफ यांच्या काळातील आर्थिक वाढीचे गोडवे बरेच गायले गेले होते. ९/११ नंतरची अमेरिकी मदत, कर्जांची पुनर्रचना आणि अनिवासी पाकिस्तान्यांचा पैसा यांवर ती उभी होती. कर वसुलीचा पाया अरुंदच राहिला, वीजनिर्मितीत पुरेशी भर पडली नाही. तेलाच्या किमती चढू लागल्या तेव्हा निवडणूक तोंडावर असल्याने पेट्रोल-डिझेलचे दर रोखून धरण्यात आले आणि अनुदानाचा बोजा सरकारने स्टेट बँकेकडून उचल घेऊन पेलला. थोडक्यात, नोटा छापल्या गेल्या. जून २००८ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षाची वित्तीय तूट चार टक्क्यांच्या उद्दिष्टाऐवजी सात टक्क्यांच्या पलीकडे गेली.

सामान्य पाकिस्तान्याला याची झळ आकडेवारीच्या आधी बसली. जानेवारीत पिठाचा इतका तुटवडा झाला, की गिरण्यांवर निमलष्करी दलाचा पहारा बसवावा लागला. पीक चांगले आले म्हणून गहू आधी निर्यात करायचा आणि टंचाई होताच चढ्या भावाने आयात करायचा, हा मागील वर्षीच्या कारभाराचा प्रसाद होता. विजेच्या टंचाईमुळे १ जूनपासून देशभरातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. जुलैमध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेले. महागाईचा वार्षिक दर पंचवीस टक्क्यांवर पोहोचला. वर्षारंभी एका डॉलरला ६२ च्या आसपास असलेला पाकिस्तानी रुपया ऑक्टोबरमध्ये ८० च्या पलीकडे घसरला. कराची शेअर बाजाराच्या निर्देशांकाने एप्रिलमध्ये १५ हजार ६०० चा टप्पा ओलांडला होता. जुलैमध्ये संतप्त छोट्या गुंतवणूकदारांनी बाजाराच्या इमारतीवर दगडफेक केली. ऑगस्टअखेर व्यवस्थापनाने निर्देशांकाला ‘तळ’ बांधून दिला, म्हणजे त्याखाली भाव जाऊच द्यायचे नाहीत. ताप मोजणारी काचनळी फोडण्याचाच हा प्रकार होता. साडेतीन महिने बाजार जवळजवळ गोठला. १५ डिसेंबरला तळ काढताच घसरण जिथे थांबवली होती तिथून पुन्हा सुरू झाली आणि वर्ष संपताना निर्देशांक सहा हजारांच्या खाली होता.

या साऱ्या काळात अर्थखात्याला स्थिर धनी नव्हता. शरीफ यांच्या पक्षाचे इसहाक दार मेमध्ये गेले, नवीद कमर यांनी काही महिने काम पाहिले, ऑक्टोबरमध्ये बँकिंग क्षेत्रातील शौकत तरीन आले. तोवर परकीय चलनसाठा वर्षभरापूर्वीच्या १६ अब्ज डॉलरवरून सात अब्जांच्याही खाली आला होता. त्यातील स्टेट बँकेच्या हातातील हिस्सा जेमतेम महिनाभराच्या आयातीला पुरला असता. झरदारी ऑक्टोबरमध्ये चीनला गेले. अपेक्षित होती तेवढी रोकड मिळाली नाही. मित्रदेशांनी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एक मंच स्थापला, पण धनादेश लिहिला नाही. अखेर ज्या दारात जायचे नाही असे सरकार सांगत होते, तिथेच जावे लागले. १२ नोव्हेंबरला स्टेट बँकेने व्याजदर १५ टक्के केला आणि २४ नोव्हेंबर रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ७.६ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. अनुदाने कमी करा, वीजदर वाढवा, तूट ४.२ टक्क्यांवर आणा, अशा अटी होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा, तसा दोन दिवसांनी मुंबईवर हल्ला झाला.

बंदुकीच्या बाबतीत सरकारची स्थिती याहून केविलवाणी होती. २६ जुलैच्या रात्री, गिलानी अमेरिका दौऱ्यावर निघत असताना, आयएसआय ही गुप्तचर संघटना गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आणण्याचा आदेश निघाला. काही तासांतच तो मागे घेण्यात आला. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असे सरकारने सांगितले. लोकनियुक्त सरकारच्या मर्यादा किती आखूड आहेत, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. त्याआधी तीनच आठवडे, ७ जुलै रोजी, काबूलमधील भारतीय दूतावासावर आत्मघाती हल्ला होऊन पन्नासहून अधिक लोक ठार झाले होते. भारताने त्यासाठी आयएसआयकडे बोट दाखवले, अमेरिकी वृत्तपत्रांनी तेथील अधिकाऱ्यांच्या हवाल्याने तेच छापले. पाकिस्तानने इन्कार केला. जूनच्या अर्थसंकल्पात संरक्षण खर्चाचा तपशील अनेक दशकांनंतर संसदेपुढे ठेवला गेला, हे खरे. तो दोन पानी होता.

दरम्यान, डिसेंबर २००७ मध्ये बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली एकवटलेल्या ‘तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान’ने राज्यसंस्थेविरुद्धच युद्ध पुकारले होते. मेमध्ये प्रांतिक सरकारने स्वातमधील अतिरेक्यांशी करार केला, तो टिकला नाही. ऑगस्टमध्ये बाजौरमध्ये लष्करी कारवाई सुरू झाली, लाखो लोक घरदार सोडून निघाले. २१ ऑगस्टला वाह येथील दारूगोळा कारखान्याच्या दारात स्फोट होऊन साठहून अधिक जण ठार झाले. ३ सप्टेंबरला अमेरिकी कमांडो थेट दक्षिण वझिरीस्तानात उतरले. २० सप्टेंबरला झरदारी यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून संसदेपुढे पहिले भाषण केले आणि त्याच संध्याकाळी, रमजानचा उपवास सुटण्याच्या सुमारास, स्फोटकांनी भरलेला ट्रक मॅरियट हॉटेलच्या फाटकावर आदळला. पन्नासहून अधिक मृतांत झेक प्रजासत्ताकाचे राजदूतही होते. ऑक्टोबरमध्ये संसदेच्या बंद दरवाजाआड लष्कराने खासदारांना परिस्थितीची माहिती दिली आणि दहशतवादाविरोधात एकमुखी ठराव झाला. ठरावाच्या शब्दांत खोट नव्हती; लष्कराचा विरोध मात्र निवडक होता. इस्लामाबादवर उलटलेले अतिरेकी शत्रू ठरले होते, भारत आणि अफगाणिस्तानच्या दिशेने तोंड असलेले नव्हते. मुरीदके येथील ‘जमात-उद-दवा’चे आवार खुलेआम चालू होते.

भारताशी संबंध सुधारावेत, ही झरदारींची इच्छा प्रामाणिक असावी. २१ ऑक्टोबरला नियंत्रण रेषेपलीकडून काश्मीरच्या दोन भागांत व्यापार सुरू झाला. २२ नोव्हेंबरला, दिल्लीतील एका परिषदेशी उपग्रहाद्वारे बोलताना, पाकिस्तान अण्वस्त्रे प्रथम वापरणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. अण्वस्त्रांची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांचे हे धोरण नव्हते. २६ नोव्हेंबरला पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी दिल्लीत होते आणि भारताचे गृहसचिव दहशतवादविरोधी चर्चेसाठी पाकिस्तानात. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, लिओपोल्ड कॅफे, ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथे गोळीबार सुरू झाला.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत इस्लामाबादमधील सत्तेची खरी रचना उघडी पडली. आयएसआयचे प्रमुख लेफ्टनंट जनरल अहमद शुजा पाशा यांना भारतात पाठवू, असे गिलानी सरकारने २८ नोव्हेंबरला जाहीर केले आणि लगेच शब्द फिरवला. त्याच दिवशी भारताचे परराष्ट्रमंत्री म्हणवणाऱ्या कोणा तोतयाचा दूरध्वनी झरदारींपर्यंत पोहोचला आणि हवाई दलाला सज्जतेचे आदेश गेले, ही हकिकत नंतर ‘डॉन’ दैनिकाने उघड केली. मुख्य भर इन्कारावर होता. तो टिकला नाही, कारण गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत अजमल कसाबला सोडले नाही. हाती लागलेला जिवंत आरोपी नसता, तर ‘पुरावा द्या’चा घोष वर्षानुवर्षे चालला असता. कसाबचे फरीदकोट गाव पाकिस्तानी पत्रकारांनीच शोधून काढले. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबरला ‘जमात-उद-दवा’ला ‘लष्कर-ए-तोयबा’चेच दुसरे नाव ठरवल्यावर कार्यालयांना कुलुपे लागली. कसाब पाकिस्तानी असल्याची अधिकृत कबुली ७ जानेवारी २००९ रोजी आली आणि ती देणारे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्राणी यांना त्याच दिवशी पदावरून दूर करण्यात आले. गुन्हा खरे बोलण्याचा नव्हता, न विचारता बोलण्याचा होता, असा खुलासा झाला.

हल्ल्याचा तात्काळ लाभ कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबरअखेर पाकिस्तानी लष्कराने काही तुकड्या पश्चिमेकडून भारताच्या सीमेकडे हलवल्या. वझिरीस्तानातील तालिबानने भारताविरुद्ध लष्कराच्या खांद्याला खांदा लावण्याची भाषा केली. पेशावरजवळ नाटोच्या रसदीची शंभराहून अधिक वाहने एका रात्रीत जळाली. एप्रिल २००९ मध्ये तालिबान स्वातमधून बुनेरमध्ये उतरले, तेव्हा ते राजधानीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर होते.

गिलानी सरकारच्या खात्यावर काहीच जमा नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गरीब कुटुंबांतील स्त्रियांना थेट रोख मदत देणारी बेनझीर योजना २००८ मध्येच सुरू झाली आणि पुढील प्रत्येक सरकारने ती चालू ठेवली. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाचा संसद विसर्जित करण्याचा अधिकार काढून घेतला. २०१३ मध्ये पाकिस्तानच्या इतिहासात प्रथमच एका निर्वाचित संसदेने मुदत पूर्ण करून दुसरीकडे सूत्रे सोपवली. गिलानी मात्र तोवर पदावर नव्हते. मार्च २००९ मध्ये, आणखी एका मोर्चानंतर आणि कयानी यांच्या मध्यस्थीनंतर, चौधरी सरन्यायाधीशपदी परतले. डिसेंबरमध्ये त्यांच्या न्यायालयाने झरदारींना धास्ती होती तोच वटहुकूम रद्द केला आणि जून २०१२ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल पंतप्रधानांना अपात्र ठरवले. पहिल्याच दिवशी ज्यांच्या दारावरचा पहारा गिलानी यांनी उठवला होता, त्यांच्याच निकालाने ते गेले.

नाणेनिधीचा २००८ चा कार्यक्रम अटी न पाळल्याने अर्धवट राहिला. त्यानंतर २०१३, २०१९, २०२३ आणि २०२४ मध्ये पाकिस्तानने पुन्हा त्याच दारात अर्ज केला. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यातील येरवडा तुरुंगात फाशी झाली. हल्ल्याचा सूत्रधार म्हणून अटक झालेला झकीउर रहमान लख्वी एप्रिल २०१५ मध्ये जामिनावर रावळपिंडीच्या तुरुंगातून बाहेर आला. पुढे त्याला आणि हाफिझ सईदला शिक्षा झाल्या, त्या दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या खटल्यांत, तेही देश जागतिक आर्थिक कृती दलाच्या करड्या यादीत असताना. मुंबईतील हत्याकांडाबद्दल त्यांतील एकही शिक्षा नव्हती.