बचावालाही टाळी

अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ खेळताना प्रतिस्पर्ध्याचे बास्केटवर फेक करण्यासाठी मिळालेले 30 सेकंद वाया गेले, की प्रेक्षागृह दणाणतं. बास्केट झालेली नसते, तरी लोक उभे राहतात. बचावाला अशी दाद देणारा प्रेक्षक मला फार मोलाचा वाटतो.

या संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी वडिलांकडून ‘पॅक लाइन’ बचाव उचलला. एकाने चेंडूवाल्याला भिडायचं, बाकी चौघांनी आत दाटी करून बास्केटकडची वाट अडवायची. पण 16 मार्च 2018 च्या रात्री अव्वल मानांकित व्हर्जिनिया सोळाव्या मानांकित यूएमबीसी विद्यापीठाकडून 54-74 अशी हरली. पुरुषांच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. व्हर्जिनियाने लांबून मारलेल्या 22 चेंडूंपैकी चारच आत गेले. अशा वेळी सगळं खापर नेमबाजीवर फोडणं सोपं असतं. मला ते पटत नाही. मध्यंतराला 21-21 बरोबरी होती. उत्तरार्धात 53 गुण दिले गेले, म्हणजे बचावाची ती दाटीच फुटली होती.

बेनेट यांनी बचाव बदलला नाही. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने टेक्सस टेकला जादा वेळेत 85-77 असं हरवलं. त्यातले 27 गुण डिआंद्रे हंटरचे. यूएमबीसीविरुद्ध तो दुखापतीमुळे बाहेर होता.