सहा महिन्यांची मुदत

अमेरिकेच्या घटनाकारांवर प्राचीन रोमची मोठी मोहिनी होती. वरिष्ठ सभागृहास त्यांनी ‘सेनेट’ हे रोमन नाव दिले. घटनेच्या समर्थनार्थ हॅमिल्टन, मॅडिसन व जे यांनी १७८७-८८ साली लेखमाला लिहिली, तीही ‘पब्लियस’ या रोमन टोपणनावाने. साहजिकच अमेरिकेच्या भवितव्याची चर्चा निघाली की रोमचा दाखला दिला जातो. परंतु दाखला देणारे बहुधा सीझरच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवून थांबतात. आमच्या मते खरा धडा सीझरच्या चरित्रात नसून रोमन सेनेटच्या वर्तनात आहे.

सत्तेचा धोका रोमच्या प्रजासत्ताकाने पुरेपूर ओळखला होता. सर्वोच्च अधिकारी, म्हणजे कॉन्सल, एक नव्हे तर दोन. त्यांची मुदत एक वर्षाची. एकाचा निर्णय रोखण्याचा अधिकार दुसऱ्यास. संकट कोसळलेच, तर एकाच पुरुषास ‘डिक्टेटर’ नेमण्याची सोय होती. पण त्याची कमाल मुदत सहा महिने. सिन्सिनॅटसने तर सोळाव्याच दिवशी अधिकार खाली ठेवला, असे परंपरा सांगते. इ. स. पूर्व ८२ मध्ये सुल्लाने हे पद मुदतीवाचून घेतले आणि सेनेटने मान तुकविली. इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. पुढे ऑगस्टसच्या काळीही सेनेट भरतच होती. निर्णय मात्र अन्यत्र होत होते.

अमेरिकेची स्थिती अशी नाही, हे मान्य केले पाहिजे. तिची घटना लिखित आहे, आणि १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीने कोणासही अध्यक्षपदी दोनदांहून अधिक वेळा निवडून येण्यास मनाई केली आहे. परंतु रोमची सहा महिन्यांची मुदत तेथे नाही. १९७६ च्या कायद्यान्वये पुकारलेली आणीबाणी अध्यक्षास दरवर्षी आपल्याच सहीने वाढविता येते. इराणसंबंधीची १९७९ ची आणीबाणी अशीच चार दशकांहून अधिक काळ वाढत आली. २०१९ साली दक्षिण सीमेवरील आणीबाणी रद्द करण्याचा ठराव काँग्रेसने संमत केला, तोही अध्यक्षांनी नकाराधिकाराने निष्प्रभ केला. रोममध्ये ‘व्हेटो’ हे सामान्य जनांच्या ट्रिब्यूनचे अधिकाऱ्यांविरुद्धचे शस्त्र होते. येथे ते सर्वोच्च अधिकाऱ्याच्याच हाती आहे. युद्धघोषणेचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला, पण १९४२ नंतर तिने तो वापरलेला नाही. कोरियातील युद्ध घोषणेवाचूनच झाले. व्हिएतनाम व इराकच्या वेळी तिने मोघम संमती देऊन निर्णयाचा भार अध्यक्षावर टाकला.

सत्ता बळकाविणाऱ्याचा अपराध जगाला दिसतो. अधिकार हातचा सोडणाऱ्या सभागृहाचा अपराध दिसत नाही, कारण त्याच्या बैठका नित्यनेमाने भरतच असतात. काँग्रेसच्या संमतीवाचून कोणतीही आणीबाणी ठरावीक दिवसांत आपोआप संपुष्टात यावी, अशी दुरुस्ती अमेरिकेने करावयास हवी. रोमकडून नावे घेणाऱ्या राष्ट्राने त्याची मुदतीची शिस्तही घ्यावी, यातच त्याचे हित आहे.