आनंदाश्रू

दुःखात माणूस रडतो, हे सहज समजते. परंतु सारे मनासारखे घडल्यावर, हसण्याच्या क्षणीच त्याचे डोळे का पाणावतात? आनंद अनावर झाला म्हणून, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे.

बंगळूर येथील इस्रोच्या केंद्राने चार वर्षांच्या अंतराने अश्रूंची दोन रूपे पाहिली. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रभूमी हाकेच्या अंतरावर आली असताना ‘चांद्रयान-२’च्या ‘विक्रम’ लँडरशी संपर्क तुटला. त्या सकाळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना निरोप देताना इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांना रडू आवरले नाही. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘चांद्रयान-३’ चंद्रावर अलगद उतरले. तीन दिवसांनी बंगळूरला शास्त्रज्ञांचे अभिनंदन करताना पंतप्रधानांचाच कंठ दाटून आला. २०१९ ची ती पहाट उजाडली नसती, तरी टाळ्या वाजल्याच असत्या. डोळे मात्र इतके भरून आले असते का?

अश्रूंचे हे दुहेरी नाते भरतमुनींनी ओळखले होते. नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांपैकी अश्रू हा एक होय. त्याच्या कारणांत शोक व भय यांच्या जोडीला आनंदही सांगितला आहे. आधुनिक मानसशास्त्रही याच वाटेने जाते. आनंदात रडणारी माणसे भावनेच्या आवेगातून लवकर सावरतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ओरियाना अरागॉन व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

सहज मिळालेले सुख माणसाला हसवते. झिजून मिळवलेले सुख रडवते. नवी सायकल पाहून मूल हसते; तिच्यासाठी पै-पै साठवणाऱ्या आईचे डोळे भरतात. आनंद दोघांचा एकच, पण त्यामागचे कष्ट एकटीला ठाऊक असतात. मनाने आवळून धरलेली काळजी सुटते आणि डोळ्यांवाटे वाहू लागते.

तरीही पुरुषाने रडू नये, या समजुतीपायी मुलाच्या निकालाच्या दिवशी कष्टकरी बाप पाठ फिरवून डोळे पुसतो. त्यात लपवण्याजोगे काहीच नाही. आनंदाश्रू ही मनाची दुर्बलता नव्हे. सोसलेल्या दिवसांची ती प्रामाणिक साक्ष आहे.