मॅप म्हणतो ‘१० मिनिटं चालत’. पण चालायचं कुठून?

२९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडईसारख्या गजबजलेल्या भागात स्टेशन आलं. आता मॅप उघडा: स्टेशन ८०० मीटर, १० मिनिटं चालत. गणित सोपं आहे. ताशी ५ किमी वेग धरला की ८०० मीटरला साधारण तेवढाच वेळ लागतो.

पण या गणितात फुटपाथवर लावलेल्या बाइक्स नाहीत, उखडलेले ब्लॉक नाहीत. आजीला रस्ता ओलांडायला लागणारा वेळही नाही.

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. पेठांमध्ये वाडा, शाळा, मंडई पायी अंतरावर असायची. शहर पसरलं, अंतरं वाढली आणि घरोघरी दुचाकी आली. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाले, लोक तिथे निवांत चालतात, बसतात. म्हणजे पुण्यात हे जमतं. फक्त सगळीकडे झालेलं नाही.

मेट्रोचं यश याच १० मिनिटांवर ठरणार. चालणं नको वाटलं की माणूस गाडी काढतो आणि एकदा काढली की थेट ऑफिसलाच नेतो!

तुमच्या हातातही थोडं आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भर घालता येणारा नकाशा आहे. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अँड्रॉइड अ‍ॅप चालता चालता विचारतं, इथे फुटपाथ आहे का? उत्तर दिलं की ते नकाशात जातं. त्याने फुटपाथ बांधला जाणार नाही, पण तो कुठे नाही हे तरी नोंदलं जाईल.